दुपारी दोन ते पाच

आत्या गेली आणि दुसऱ्या दिवशी दादाने वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘अखेरची तीन वर्षं त्यांनी भाचरांच्या सावलीत विश्रांती घेतली.’ मी म्हटलं, हे काढ. तो म्हणाला, शोभून दिसतं. दिसत असेल. पण खोटं आहे आणि आत्याच्या नावावर मी ते खपवून घेणार नाही.

आत्या बाइंडर होती. पन्नास वर्षं एका खोलीत बसून तिने कॉलेजांची, कचेऱ्यांची, शाळामास्तरांची फाटकी पुस्तकं धड केली. दुमडलेल्या पानांचा एकेक गठ्ठा, तिच्या भाषेत जुज, ती सुई-दोऱ्याने दुसऱ्याला शिवायची आणि मग सगळं लाकडी शिकंज्यात दाबायची. नुसतं चिकटवून देणाऱ्यांवर तिचा दात होता. म्हणायची, “चिकटवतात ते पाकीट. पुस्तक शिवतात.”

एकोणऐंशीव्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. ती इस्पितळात असताना दादाने ठरवलं, आता पुरे झालं. मी मान डोलावली, हे कबूल करते. खोली मालकाला परत दिली, आत्याचं अंथरूण दादाकडे आणलं आणि शिकंजा कोपऱ्यावरच्या सुताराला देऊन टाकला. एका निवृत्त गुरुजींचा शब्दकोश अर्धा शिवून पडला होता. तो मी घरी नेला, डिंकाच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या, वर नवा पुठ्ठा चढवला. मला वाटलं, केवढं ओझं उतरवलं मी तिचं.

आत्या घरी आल्यावर मी मोठ्या कौतुकाने तो तिच्या मांडीवर ठेवला. तिने डाव्या हाताने मधोमध उघडला. कणा कडकन वाजला आणि ‘प’ची चार पानं तिच्या हातात आली. ती पानं तिने परत आत सारली. मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दादाला विचारलं, शिकंजा कुठाय? दादा चाचरत म्हणाला, सुताराकडे. आत्याने चपला घातल्या.

सुतार बिचारा भला माणूस, पण त्याचंही खरं होतं. शिकंज्यात त्याच्या फळ्या दाबून ठेवलेल्या होत्या. तो म्हणाला, आजी, दिलेली वस्तू परत मागतात का?

“मागत नाही,” आत्या म्हणाली. “दुपारी जेवून तू काय करतोस?”

“झोपतो.”

“कुठे?”

“इथेच, बाकावर.”

“मग दोन ते पाच तो माझा. तू झोप. मी घोरण्याबद्दल काही म्हणणार नाही.”

दादा भडकला. रस्त्यावरच्या दुकानात, हात गळ्यात बांधून, लोक काय म्हणतील? आत्या म्हणाली, “म्हणतील, म्हातारी काम करते. खरंच आहे ते.”

उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून उजवा हात मी झाले. आधी माझाच डिंक ओल्या फडक्याने मऊ करून नखांनी खरवडला, चार दिवस. मग शिवण. ती डाव्या हाताने घडीच्या आतून सुई बाहेर काढायची, मी बाहेरून ओढून परत आत द्यायची. दोरा सैल राहिला की सगळं उसवायला लावायची. “पदवी घेतलीस ना गं,” ती म्हणायची, “कॉलेजात गाठ मारायला नाही शिकवली?” बाकावरून घोरण्याच्या मधेच हसू यायचं. सुतार जागाच असायचा.

अकराव्या दिवशी गुरुजी आले. आत्याने त्यांना सांगितलं, पुठ्ठ्याला धरून कोश उलटा करा आणि झटका. गुरुजी कचरले, मग झटकला. भुसा तेवढा खाली पडला.

प्लास्टर निघालं, पण मनगट वळेना. आत्या डाव्या हाताने शिवायला शिकली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कोणाला न विचारता. तीन वर्षं रोज दोन वाजता तिच्या चपला दादाच्या दारातून बाहेर पडल्या. सर्दी असो, पाहुणे असोत. शेवटच्या दिवशीही गेली होती. पाचला परतली, हात धुतले, चहा टाक म्हणाली आणि चहा येईपर्यंत राहिली नाही.

हे सगळं मी दादाला पुन्हा सांगितलं.  त्याने ते वाक्य खोडलं आणि मला विचारलं, काय लिहू? मी सांगितलं, “अखेरच्या दिवशीही दुपारी दोन ते पाच काम केलं, एवढंच लिही.”

“दोन ते पाच कशाला? वाचणाऱ्याला काय कळणार?”

“सुताराला कळेल,” मी म्हटलं.

त्याने लिहिलं.