पान उलटण्याची जागा

पडदा वर जातो. जबलपूरचा सराफा, रविवारची दुपार. दुकानांची शटरं खाली, सोनारांच्या हातोड्या गप्प. त्या गप्प असल्याशिवाय वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतच नाही. काचेपलीकडे पियानो, आणि पियानोपाशी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात बहात्तर वर्षांचे टिकाराम गजभिये.

खमरियाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवली, संध्याकाळी क्लबात जॅझ वाजवला. जुन्या प्रेमगीतांचा एक अल्बम करायचा, तोही मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत, एवढीच हौस आयुष्यभर जपली. ऑर्केस्ट्राचं वाजवणं मुंबईत आधीच रेकॉर्ड झालं होतं. हेडफोन लावून त्यावर पियानो वाजवायचा होता. सात गाणी झाली. आठवं आजच व्हायला हवं होतं. उद्या हाताचं ऑपरेशन. नंतर बोटं वळतील की नाही, डॉक्टरही सांगेना.

गाणं सुरेख झालं. रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बसणारी श्रद्धा ते खुशीत पुन्हा लावून ऐकू लागली आणि थबकली.

"दादाजी, तुम्ही कागद पलटला?"

"कागद कुठं आहे बाई? सगळं पाठ आहे माझं."

तिनं तेवढा तुकडा पुन्हा लावला. कागदाची सळसळ. स्वच्छ.

श्रद्धानं घाईनं यंत्राकडे हात नेला. "चलो, मिटा देती हूँ. एका मिनिटाचं काम आहे."

टिकारामांनी हात वर केला. त्यांची बायको गीताबाई दोन वर्षांपूर्वी गेली. क्लबात ती त्यांच्या डावीकडे बसून पानं उलटायची. तिला नोटेशन वाचता येत नव्हतं. यांची हनुवटी हलली की उलटायची. या एकाच गाण्यात ती ऐकत राहायची, आणि पान उशिरा उलटायची. हे न थांबता पुढं जायचे, आणि वर घरी जाताना सायकलवर तिला सुनावायचे.

"आणखी एकदा लाव."

सळसळ आली. अर्धा ठोका उशिरा. पियानो पुढं निघून गेलेला.

ते परत बाकावर जाऊन बसले, आणि उजवीकडे सरकून डावीकडे जागा केली.

"आता काय झालं? टेक छान आहे ना," श्रद्धा म्हणाली.

"मी थांबलो नाही तिच्यासाठी. पुन्हा घेऊ."

"ऑर्केस्ट्रा थोडाच थांबणार आहे, दादाजी? तुम्ही मागं राहाल. अल्बम बिघडेल."

टिकारामांनी हेडफोन काढून बाजूला ठेवले.

"त्यांना जाऊ दे पुढं. या वेळी मी थांबतो."