साधना आणि सोऱ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच — घरात सांगायची सोयच नाही, का ते पुढे कळेल. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही नांदेडला आमच्या घरी जेवायला येण्याची शक्यता कमी.

मी चित्रकार आहे. अमूर्त चित्रं काढतो, म्हणजे पाहुणे ज्यांच्यापुढे उभे राहून "हे सरळच टांगलंय ना?" असं विचारतात, तसली. ‘साधना’ नावाची माझी मालिका आहे. मळकट पिवळ्या रंगावर फिकट, जाळीदार वर्तुळं. दिल्लीपर्यंत गेली. कुणाला त्यात ब्रह्मांड दिसलं, कुणाला मराठवाड्याचा दुष्काळ. मी मान हलवतो. मान हलवण्यात माझा हात कोण धरणार?

आता मूळ गोष्ट — थांबा, आधी बायकोचं सांगतो. तिचं नाव साधना. माहेर देगलूर. एका उन्हाळ्यात मी मांजरपाटाच्या मोठ्या तुकड्यावर रंगाचे हात देऊन तो गच्चीवर वाळत टाकला होता. तिला वाटलं, डाग पडलेली जुनी चादर आहे. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून तिनं त्यावर वर्षाच्या कुरडया घातल्या. वाळल्यावर उचलल्या, तर माझा रंगही त्यांच्याबरोबर वर आला. मी किती बोललो तिला! अडाणी म्हणालो. सासरवाडीचाही उद्धार केला. "मला वाटलं चादर हाय हो," एवढंच ती रडत म्हणत राहिली. तिच्याही कुरडया वाया गेल्या होत्या, हे मला सुचलं तरी का? नाही. कापड फेकून दिलं असं तिला सांगितलं आणि गुंडाळून खोलीच्या कोपऱ्यात टाकलं.

मग पुण्याहून एक गॅलरीवाले आले. माझी सगळी चित्रं त्यांनी जांभई आवरत पाहिली. जाता जाता कोपऱ्यातली ती गुंडाळी उलगडली आणि — खालीच बसले. हे कसं जमलं तुम्हाला, म्हणाले. मी खरं सांगणार होतो. शपथ. "साधना..." एवढा शब्द तोंडातून गेला. ‘नं कुरडया घातल्या’ एवढंच राहिलं होतं. तोवर त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

तेव्हा बोलता आलं असतं. अर्धंच वाक्य उरलं होतं. पण कुणी आपल्यापुढे हात जोडलेले असताना — तुम्ही बोलला असता? खरं सांगू? मला ते जोडलेले हात फार आवडले.

तेव्हापासून मालिका चालू आहे. बाकीच्या चित्रकारांच्या कपाटात ब्रश असतात. माझ्या कुलूपबंद कपाटात सोऱ्या आहे. उन्हाळ्यात मी साधनाला चीक घोटू लागतो, म्हणून गल्लीभर माझं कौतुक होतं. दरवर्षी पातेलंभर चीक जातो कुठं, हे मात्र साधनाला कोडं आहे.

पहिल्या प्रदर्शनात ती त्याच चित्रापुढे उभी राहिली. चौकट घातलेलं, भिंतीवर लावलेलं — तिनं ओळखलं नाही. पण म्हणाली, "अगाई, कुरडईवानी दिसून राहिलं की हे!" एवढ्या गर्दीत एकटीनं बरोबर पाहिलं होतं. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. हळू बोल, लोक हसतील, म्हणालो. ती ओशाळली. त्यानंतर माझ्या कुठल्याही प्रदर्शनात तिनं तोंड उघडलेलं नाही.

घरी मात्र बोलते. पाहुणे आले की वाढता वाढता हमखास सांगते, "ह्यांचं लई मोठं चित्र म्या नासवलं होतं. तरी ह्यांनी चित्रांला नाव माझंच दिलं. असं मन पाहिजे माणसाचं." पाहुणे माझ्याकडे आदरानं बघतात. ती तळलेली कुरडई माझ्या ताटात वाढते. मी ती मोडतो, तोंडात टाकतो आणि आणखी एक मागतो.