शब्द अडवून धरणारे गुरुजी

सोपानराव गुरुजींची नि माझी पहिली भेट भांडगावच्या शाळेत झाली. मी नवा शिक्षक म्हणून हजर व्हायला आलो होतो. नावगाव विचारायच्या आधीच त्यांनी कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बोट दाखवलं. "तुमच्या आई हिला काय म्हणत्यात?" मी म्हटलं, "साळुता." गुरुजी इतके खूश झाले, की मला चहा पाजूनच वर्गात सोडलं.

निवृत्तीनंतर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'रोजचा शब्द' हा गट काढला. सुरुवातीला ते भारदस्त शब्द पाठवत आणि दौंड-शिरूरची मंडळी जोडलेले हात टाकून मोकळी होत. कासुर्डीच्या एका मामांनी तोंडावर सांगितलं, "गुरुजी, शबूद वाचतो, हात जोडतो आन् इसरतो." गुरुजींनी राग मानला नाही. त्याच दिवशी त्यांनी गटावर हात जोडायला बंदी केली. शब्द घरात, रानात, कंपनीत वापरायचा आणि ते वाक्य स्वतःच्या आवाजात पाठवायचं, असा नियम झाला. तो आजही चालू आहे.

माझ्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला, आवाज खणखणीत; पण आता शब्द तोंडातच तुटत. लाजेपायी त्यांनी बोलणंच सोडलं. बोलले नाहीत तर वाचा परत येणं अवघड, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुरुजी घरी आले. "आप्पा, रातच्याला मेंढरं कोंडायची जाळी असती, तिचं नाव उद्याचा शब्द. तुमच्याच तोंडनं यायचा."

आप्पा गप्प राहिले, तर गुरुजींनी गटही गप्प ठेवला. एक दिवस न चुकणारा माणूस शब्दच टाकेना. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. आजारी माणसाला असं वेठीस धरावं का? गटावर विचारणा सुरू झाली, "शबूद कुठं हाय?" गुरुजींचं एकच उत्तर, "आप्पा देणार हायत." हे सगळे आवाज मी आप्पांना ऐकवत होतो. एका दुपारी त्यांनी फोन ओढून घेतला आणि चिडून गटावरच म्हणाले, "वा... वाघर! वाघर म्हंत्यात!" मी तिथंच रडलो. त्या दिवशी गटावर संध्याकाळपर्यंत माणसं 'वाघर' घालून वाक्यं पाठवत होती आणि आप्पा एकेक ऐकत होते.

गुरुजी आता पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं मी लिहीत होतो, तोवर आप्पा शेजारी येऊन बसले. अडखळत, पण सगळं वाक्य त्यांनी पुरं केलं, "गुरुजींना म्हणावं, शंभरी गाठा. माझं लई शबूद सांगायचं ऱ्हायल्यात."