बदकाच्या दोन तंगड्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने घाई करून चालत नाही, आणि ह्या गृहस्थांना तर घाई कशाशी खातात तेच माहीत नव्हतं. कामावर सगळे त्यांना सावकाशराव म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही लिफ्टवर आंधळा विश्वास टाकला नाही. दुरुस्ती झाली की आधी रिकामी लिफ्ट चार वेळा वरखाली सोडायची, मग स्वतः आत उभं राहून शेवटच्या मजल्यापर्यंत जाऊन यायचं, आणि मगच दारावरची 'लिफ्ट बंद'ची पाटी काढायची. तोवर साहेबलोक घड्याळ बघत पाय आपटत. सावकाशराव पाना पुसत म्हणत, "जिन्याने जा साहेब, तब्येतीला बरं असतं." साहेब मनातल्या मनात शिव्या घालत जिना चढत.

असा हा थंड डोक्याचा माणूस बायकोच्या आजारपणात मात्र पार सैरभैर झाला होता, आणि का होणार नाही? बायको एका मोठ्या कचेरीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं होती. तिथे तिचा दरारा होता तो तिच्या जिभेमुळे. आचारी कितीही जुना असो, पातेलं बाहेर जायच्या आधी चमचाभर तिच्यापुढे धरावंच लागे. ती जिभेवर थेंब टेकवायची आणि सांगायची, "मीठ कमी," नाहीतर "थोडं आंबट करा." त्यावर अपील नव्हतं. घरीही तीच तऱ्हा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण नवऱ्याच्या हातच्या चहाला तिने एकदाही बरं म्हटलं नव्हतं.

मग तिच्या घशाजवळ गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, गाठ गेली. पण जाताना ती तोंडाची चव घेऊन गेली. घास गिळताना दुखायचं म्हणून सावकाशराव जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन तिच्यासाठी सगळं मिक्सरमधून काढत. भात, भाजी, अंडं, जे काही शिजेल त्यातला तिचा वाटा साडेबाराच्या ठोक्याला मिक्सरमध्ये जायचा. ती चार चमचे घ्यायची, वाटी बाजूला सारायची आणि म्हणायची, "चांगलं झालंय."

एकदा गडबडीत सूपमध्ये मिठाऐवजी साखर पडली. सावकाशरावांनी स्वतः चमचा तोंडात घातला तेव्हा त्यांना ते कळलं. पण तोवर बायकोची अर्धी वाटी संपली होती, आणि तिने म्हटलंही होतं, चांगलं झालंय. त्या दिवशी ते मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडून उभे राहिले, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये. तिला त्यांनी साखरेचं कधीच सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी कागद उलटसुलट बघितले आणि म्हणाले, "गाठीचा मागमूस नाही. आता चावून खा, काहीही खा." दोघांच्या जिवात जीव आला. सावकाशरावांनी हळूच विचारलं, "आणि चव?" डॉक्टरांनी चष्मा काढला. परत यायची असली तर एव्हाना थोडी थोडी यायला लागते, काहींना येत नाही, असं त्यांनी सांगितलं. वजन मात्र आणखी उतरता कामा नये. चव नाही म्हणून खाणं सोडलंत तर नळीने भरवायची वेळ येईल, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं. बायकोने मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं होतं.

परत येताना कोपऱ्यावरच्या खानावळीच्या काचेपुढे ती थांबली. आत आकड्यांना तांबूस भाजलेली बदकं टांगली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"बदक खावंसं वाटतंय," ती म्हणाली.

सावकाशरावांना वाटलं, आपल्याला भास झाला. सहा महिन्यांत ह्या बाईने कशाचंच नाव काढलं नव्हतं.

"कँटीनमध्ये एकदा बड्या साहेबांची मेजवानी होती," ती सांगू लागली. "चाळीस बदकं माझ्या नजरेखालून गेली. मी फक्त रस्सा चाखला. तंगडी काही वाट्याला आली नाही."

"मग जाऊ या आत."

"वेड लागलंय का तुम्हाला? दाराशी भाव लिहिलाय तो वाचा. तेवढ्यात आपला महिन्याचा किराणा येतो." आणि ती चालायलाही लागली.

आजारपणाने खिशाला चांगलीच चाट लावली होती, तेव्हा तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बदक सावकाशरावांच्या डोक्यातून जाईना. शनिवारी अर्धा दिवस भरला की ते तडक मोठ्या दुकानात गेले. तिथे अख्खं गोठवलेलं बदक होतं, दगडासारखं टणक, आणि किंमत बघूनच त्यांनी ते जागच्या जागी ठेवलं. शिवाय ते कापायचं कुठून आणि शिजवायचं किती, हा प्रश्न होताच. मग थंड कपाटाच्या अगदी तळाशी त्यांना एक चपटं पाकीट दिसलं. आत बदकाच्या दोन तंगड्या, आणि वर निम्म्या किमतीची पिवळी चिठ्ठी.

चिठ्ठ्या चिकटवणारी बाई शेजारीच उभी होती. सावकाशरावांनी तिला गाठलं.

"निम्म्या किमतीत का? खराब आहे का?"

"नाही काका. आजची शेवटची तारीख आहे. आजच खा, उद्यावर टाकू नका."

"कच्चं आहे?"

"शिजवून तयार आहे. त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं असतं. तुम्ही फक्त गरम करायचं आणि कातडी कुरकुरीत करायची."

"तेल किती?"

"एक थेंब नको. पाकीट आधी गरम पाण्यात बुडवा, चरबी सुटेल. ती वाटीत काढून ठेवा, फेकू नका, त्यात बटाटे परता. तंगडी गार तव्यावर ठेवायची, कातडी खाली, गॅस बारीक. आणि सारखं हलवायचं नाही."

सावकाशरावांनी कामाच्या कागदामागे सगळं लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, आणि पुन्हा विचारलं, "गार तव्यावरच ना?" बाईने हात टेकले. "काका, बदक आहे हो, विमान नाही," ती म्हणाली. पण 'तेल नको' ह्या शब्दांखाली तिने स्वतःच दोन रेघा मारून दिल्या.

रविवारी खायचं तर तारीख उलटते, म्हणून त्याच दुपारी बेत ठरला. बायकोला खुर्चीत बसवून सावकाशरावांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. कागद डब्याला टेकवून ठेवला. पाकीट गरम पाण्यात सोडलं. चरबी विरघळून वाटीभर निघाली, पिवळीधम्मक, आणि तंगड्या अलगद बाहेर आल्या. तवा गार आहे ना हे त्यांनी दोनदा हात लावून बघितलं. कातडी खाली, गॅस बारीक. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग चुरचुर आवाज यायला लागला, आणि असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खिडकीतून विचारलं, "आज काय विशेष?" सावकाशराव छाती फुगवून म्हणाले, "बदक."

दुसऱ्या तव्यात बटाटे खरपूस झाले. तंगड्या उलटल्या तर कातडी तांबूस, कडक, फोड आलेली. खानावळीच्या काचेत बघितली होती अगदी तशीच. सावकाशरावांना स्वतःचंच कौतुक वाटलं. मांस हाडावरून आपसूक सुटत होतं. त्यांनी पहिली तंगडी ताटलीत घेतली, मांस सोडवलं, चार बटाट्यांसह ते भांड्यात घातलं, वर थोडं गरम पाणी घातलं, झाकण लावलं आणि मिक्सरचं बटण फिरवलं.

मिक्सर घरघरला. चांगलं अर्धं मिनिट घरघरला. तेव्हा कुठे सावकाशरावांच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलो.

त्यांनी बटण बंद केलं. भांड्यात तपकिरी लगदा होता. कातडीचा तुकडासुद्धा त्यात ओळखू येत नव्हता. सहा महिने रोज दुपारी ह्या हातांनी हेच केलं होतं, आणि आजही हातांनी ते आपल्या मालकाला न विचारता केलं. सावकाशराव ओट्याला टेकून उभे राहिले.

"काय वाटताय?" बाहेरून आवाज आला. आणि मग दार उघडून ती आतच आली.

"तुझी तंगडी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वाटली गेली. सवयीने."

तिने मिक्सरच्या भांड्यात डोकावून बघितलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. आणि ती हसायला लागली. गळा दुखत होता म्हणून एका हाताने मान धरून हसली, खुर्ची ओढून बसली तरी हसू थांबेना. सावकाशरावांना रडावं की हसावं ते कळेना. घरात असं हसणं ऐकून किती दिवस झाले होते.

"ही दुसरी घे," ते म्हणाले. "ही शाबूत आहे."

"ती तुमची."

"मी लगदा खाईन पावाला लावून. मला काय, दात आहेत तोवर काहीही चालतं."

"लगद्याला दात कशाला लागतात?"

"तू खा गं, वाद घालू नकोस."

ती जेवायला बसली. तंगडी हातात धरली, जरा विचार केला, आणि कातडीला दात लावला. कुर्रकन आवाज झाला. सावकाशराव समोर उभे, हातात फडकं. ती चावत राहिली, कितीतरी वेळ चावतच राहिली. मध्ये पाण्याचा घोट घेतला. पुन्हा चावलं. सावकाशराव तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, चांगलं झालंय म्हणू नकोस. काहीही म्हण, तेवढं म्हणू नकोस.

तिने घास गिळला. कपाळाला आठी पडली.

"खारट आहे," ती म्हणाली.

"काय?"

"खारट. अहो, असलं बदक आधीच मिठात मुरवलेलं असतं. तुम्ही वरून मीठ टाकलंत की काय?"

"थोडंसं टाकलं."

"थोडंसं? जीभ जळतेय माझी."

तंगडी हातात तशीच राहिली. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग तिने पुन्हा एक घास घेतला, अगदी छोटा, आणि डोळे मिटून जिभेवर धरून ठेवला. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"खारट आहे हो," ती हळूच म्हणाली. "खरंच खारट आहे."

सावकाशरावांचा सहा महिने टांगणीला लागलेला जीव भांड्यात पडला. फडकं तोंडावर धरून ते ढसाढसा रडले, आणि ह्या वेळी नळ सोडायला ते मोरीत गेले नाहीत. तिने त्यांना रडू दिलं. मधून मधून ती चावत होती, कारण भूकही लागली होती.

मग तिने एक बटाटा उचलून तोंडात टाकला.

"ह्यातही?"

"ह्यातही," त्यांनी कबूल केलं.

"आणि एका बाजूने करपलेत. गॅस मोठा ठेवला असेल. आणि बटाटे एवढे मोठाले कोण चिरतं? आतून कच्चट लागतायत."

सावकाशरावांनी डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर नीट बसले.

"बोल," ते म्हणाले. "आणखी काय काय चुकलंय ते सगळं सांग."

आणि ती सांगत राहिली, हाड स्वच्छ होईपर्यंत.