मागचा डावा टायर

भटजीच्या घरात वाढलेल्या माणसाचा असल्या गोष्टींवरचा विश्वास सगळ्यात आधी उडतो. नैवेद्य शेवटी कोणाच्या पोटात जातो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. तेव्हा मी इथं भुताखेतांचं काही सांगायला आलेलो नाही. माझ्या गाडीच्या टायरबद्दल सांगतो. ज्यांना गाड्यांतलं कळतं त्यांनी कारण सांगावं, मी आनंदानं मान्य करीन.

आम्ही धामणगाव बढेचे. मी मोताळ्याला एका कॉलेजात क्लार्क आहे. वडील, म्हणजे अण्णा, आसपासच्या गावांत पूजा, लग्नं, वास्तुशांती करायचे. म्हातारपणी त्यांना एसटीचे धक्के सोसेनात, म्हणून मी एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली. अण्णा अंगानं भक्कम. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसायचे, आणि आई सोबत असली तर ती पुढे, माझ्या शेजारी.

आई अण्णांच्या शेजारी कधीच बसली नाही. भांडण नव्हतं हो... त्या पिढीत बाईनं चारचौघांत नवऱ्याला लागून बसायची आमच्याकडे रीतच नव्हती. एसटीतही ती बायकांच्या सीटवर आणि अण्णा मागे कुठंतरी. गाडी घरची असली तरी काचेतून लोक पाहतात, असं तिचं म्हणणं.

अण्णा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी चारही टायर नवे टाकले. आईला बी.पी.साठी बुलढाण्याला न्यावं लागायचं, म्हणजे राजूर घाट आला. घाटात टायरशी खेळ नको. काही महिन्यांनी पंक्चर निघालं म्हणून मोताळ्यात आमच्या नेहमीच्या रफिकभाईंकडे गेलो, तर ते मलाच वाकून पाहायला सांगू लागले.

"सर, हा मांगचा डावा पाहा. दोन्ही कडा खाऊन टाकल्या यानं. बाकीचे तीन नव्यावानी हायेत."

"हवा कमी असेल."

"हवा बरोबर हाय, आत्ता पाह्यली. मांगं या बाजूनं कोन बसते? मानूस वजनदार दिसते."

"कोणीच नाही. मी एकटा असतो. आई असली तर पुढे."

"मंग पोतं-गितं ठेवता काय?"

पोतंही नव्हतं. रफिकभाईंनी कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली, सगळे आकडे बरोबर. तरी मागची स्प्रिंग बदलली. शेवटी मागचे दोन टायर आपसांत बदलले... म्हणजे घासलेला उजवीकडे आणि चांगला डावीकडे. पुढच्या वेळी पाहिलं तर घासलेला होता तसाच होता, आणि डावीकडे गेलेल्या चांगल्याच्या कडा संपलेल्या.

"दोष टायरचा नाही सर," रफिकभाई म्हणाले. "जागेचा हाय. पण जागेले काय झालं ते मले समजून नाही राह्यलं."

मागचे दोन्ही टायर पुन्हा नवे टाकावे लागले. मी वैतागलो. गाडी विकून टाकावी असं ठरवून घरी आलो. आई गहू निवडत बसली होती. तिला सगळा किस्सा सांगितला, वजनदार माणसासकट. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"विकू नको," म्हणाली. "मी आहे तोवर तरी नको. बसू दे त्यांना. तुला काय जड होतंय?"

"आई, टायर जातो ना."

"जाऊ दे. टायर बाजारात मिळतो."

मला गंमत सुचली. म्हटलं, "मग तूच बस की मागं, त्यांच्या शेजारी. आता कोण पाहायला येतंय?"

तिनं चक्क पदर सारखा केला. "चल, काहीतरीच बोलून राहिला. लोक काय म्हणतील?"

गेलेल्या नवऱ्याशेजारी बसायलाही माझी आई लाजत होती. मी तिला पुढे कितीतरी दिवस चिडवलं.

पण एकदा डॉक्टरांकडून परत येताना, घाट उतरत असताना, ती आपणहून म्हणाली, "एकदा तरी बसायला पाहिजे होतं रे मी. जन्मभर लोकांचंच पाहिलं." मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "उतर, बस मागं. मी कोणाला सांगत नाही." ती दाराच्या मुठीपर्यंत हात नेऊन थांबली. मग म्हणाली, "नको. आता या वयात बरं नाही दिसत." आम्ही तसेच घरी आलो.

त्या उन्हाळ्यात आई गेली. मनातली गोष्ट मनात घेऊनच गेली, याचं मला अण्णा गेल्यापेक्षाही जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर गाडीत मी एकटाच. घर ते कॉलेज, कॉलेज ते घर. पावसाळा संपल्यावर सर्व्हिसिंगला नेली. रफिकभाईंनी गाडी जॅकवर चढवली आणि खालूनच हाक मारली.

"सर, या इकडं! झाली नं गाडी बरोबर! मांगचे दोन्ही सारखे घासून राह्यले आता. म्या म्हटलं होतं, स्प्रिंग बसाले टाइम घेते."

मी वाकून पाहिलं. डावा नेहमीसारखाच, दोन्ही कडांनी गेलेला. उजवाही आता तसाच, पण अगदी सारखा नव्हे, डाव्यापेक्षा जरा कमी. आई अंगानं बारीक होती.

अण्णा पूजेला जोडपं बसवायचे तेव्हा बाई लाजून लांब बसायची. मग ते दटावून तिला नवऱ्याच्या उजव्या हाताला, अगदी जवळ बसवायचे. मला गॅरेजातच रडू आलं. रफिकभाईंना वाटलं खर्चाला घाबरलो, बिचारे समजूत काढत बसले.

कारण मला अजून सापडलेलं नाही. एका एक्स्पर्टला फोटो पाठवले, तो म्हणाला सस्पेन्शन... असेलही. मी नाही म्हणत नाही. गाडी विकायचं मात्र डोक्यातून काढलं.

परवा कॉलेज सुटल्यावर दोन सहकारी धामणगावला यायचं म्हणून गाडीपाशी आले. एकाला पुढे बसवलं. दुसऱ्यानं मागच्या दाराला हात लावला, तसा मी त्याला म्हटलं, "तू एसटीनं ये बाबा... मागं जागा नाही."