वरून घातलेलं पाणी

"तुम्ही किनाऱ्यावर उतरलातच नाहीत," माझी सून फोनवर त्या माणसाला म्हणाली. "जहाजातल्या नळाचं पाणी भरलंत बाटल्यांत."

मी तिच्यासमोर लसूण सोलत बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"ताई, आईशप्पत उतरलो. गुडघाभर बर्फात गेलो होतो मी."

"मग हे पाणी आलं कुठून?"

पाणी कुठून आलं ते मला माहीत होतं. मी घातलं होतं. मी लसूण सोलत राहिले. ती त्याला खोटारडा म्हणाली, तेव्हाही सोलत राहिले.

हा माणूस रत्नागिरीकडचा. दक्षिण ध्रुवाकडे पर्यटकांना नेणाऱ्या एका जहाजावर रबरी बोट चालवायचा. मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, म्हणून दहा-दहा माणसं बोटीत घालून बर्फावर सोडायची आणि परत आणायची, हे त्याचं काम. माझी सून अबुधाबीत एका प्रयोगशाळेत आहे. पर्यटक उतरतात तिथल्या बर्फावर जहाजाची काजळी किती बसते, लोकांच्या कपड्यांचे धागे किती पडतात, ते मोजायचं तिचं काम. त्यासाठी ती त्या जहाजावरून गेली आणि बारा बाटल्या बर्फ घेऊन आली. परतायच्या आदल्या दिवशी जहाजाच्या जिन्यावर तिचा पाय मुरगळला. शेवटच्या चार बाटल्या भरायचं राहिलं होतं. कसं भरायचं ते समजावून तिने त्या बाटल्या या माणसाकडे दिल्या. मराठी बोलणारा तेवढाच एक होता, चांगली ओळख झाली होती. त्याने भरून आणल्या आणि डब्यात ठेवल्या. ती खाटेवर होती, तिने त्या पाहिल्या नाहीत.

घरी आली तेव्हा ईदची सुट्टी लागलेली. प्रयोगशाळा बंद. तो पांढरा डबा आमच्या खलिफा सिटीतल्या घरी फ्रीझरमध्ये आला.

"आई, याला हात लावू नका. सुट्टी संपली की मी घेऊन जाणार."

"एवढी विमानं बदलून गेलीस आणि आणलंस काय तर बर्फ?" मी म्हटलं. "तो तर आपल्याकडेही होतो."

मुलगा म्हणाला, "आई, हा ओरिजिनल आहे. आपला ड्युप्लिकेट." तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी मुलाने मीना बंदरावरच्या मासळी बाजारातून अख्खी सुरमई कापून आणली. त्याच्या ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती. फ्रीझरमध्ये तसूभर जागा नव्हती. खवलेला नारळ, मटार, पराठे, आणि तो डबा. सून अंघोळीला गेली होती. मी डबा उघडला. वरच्या थरातल्या चार बाटल्या काढून ओट्यावर भाताच्या कुकरमागे ठेवल्या आणि त्यांच्या जागी माशांच्या पिशव्या बसवल्या. अर्धी सुरमई तळणीला गेली की बाटल्या परत ठेवायच्या, असं मनात होतं. पाहुणे लवकर आले. त्यांना वाढण्यात मी विसरले. चहाच्या वेळी कुकर उचलला तेव्हा आठवलं.

बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या, त्या आता निम्म्याहून रिकाम्या. मी उभ्या जन्मात बर्फ पडताना पाहिलेला नाही. मला ठाऊक तो ट्रेमधला बर्फ. तो वितळला तरी पाणी जवळपास तेवढंच राहतं. भुसभुशीत बर्फात बरीचशी हवाच असते, वितळला की तो एवढासा होतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, माझ्या हातून बाटल्या गळल्या. ओट्यावर ओल नव्हती, पण तेवढा विचार करायला मी थांबले नाही. नळाखाली एकेक बाटली धरली आणि भरली. वर दोन बोटं जागा ठेवली, कारण पाण्याचा बर्फ होताना फुगतो, एवढं मला येतं. झाकणं घट्ट लावली, पुसल्या, डब्यात होत्या तशा ठेवल्या. दिवाणखान्यात सून पाहुण्यांना पेंग्विनचे फोटो दाखवत होती.

बाटल्या बाहेर राहिल्या ती विसरभोळेपणाची चूक. ती मी माफ करीन. पाणी मात्र कुणाला कळू नये म्हणून घातलं. चौथी शिकलेल्या बाईलाही एवढा फरक कळतो.

सुट्टीनंतर प्रयोगशाळेत आठ बाटल्यांत भुसभुशीत बर्फ निघाला आणि चारांत काचेसारखी लादी. तपासल्यावर कळलं की चारांतलं पाणी समुद्राचं खारं पाणी मशीनमधून गोडं केलेलं आहे. जहाजावर तसलंच पाणी वापरतात. अबुधाबीत आमच्या नळालाही तेच येतं, पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या चार बाटल्या त्या माणसाने भरल्या, नेमक्या त्याच बिघडल्या होत्या. वरच्या थरात त्याच असणार, शेवटी ठेवलेल्या. ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर सुनेने जहाजाच्या कंपनीला लिहायला घेतलं. मी समोर होते. अजूनही सांगता आलं असतं. मी सोललेला लसूण उचलला आणि आत गेले. भीती कसली होती म्हणाल तर कसलीच नाही. सून मला घराबाहेर काढणारी नव्हे. एवढी वर्षं या घरात माझं स्वयंपाकघर, माझा शब्द शेवटचा, आणि आता सुनेसमोर मान खाली घालायची, ते मला नको होतं. त्या माणसाचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. जहाजावरच्या माणसाला दहा जहाजं मिळतात, असं मी मनाशी म्हणत राहिले. दहाएक दिवस म्हणत राहिले.

मग एका दुपारी जेवताना मुलाने विचारलं, "त्या बोटवाल्याचं काय झालं गं?"

"पुढच्या सीझनला घेणार नाहीत त्याला," सून म्हणाली. "मेल आली."

"खलास?"

"खलास. दोन मुली आहेत त्याला. पण खोटं बोलला, मी काय करू?"

"तो खोटं नाही बोलला," मी म्हटलं. "पाणी मी घातलं."

"कसलं पाणी?"

"त्या चार बाटल्यांत. नळाचं. माशाला जागा करायला बाहेर काढल्या होत्या, वितळल्या."

मुलगा म्हणाला, "आई, काय बोलतेयस तू?"

सुनेने ताट सरकवलं आणि कागद घेतला. "किती वेळ बाहेर होत्या?" मी सांगितलं. "प्रत्येकीत किती घातलंत?" सांगितलं. "तुम्हीच झाकणं उघडलीत की आधीच सैल होती?" तेही सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवलं.

"मी फोनवर बोलत होते तेव्हा तुम्ही इथंच होतात."

"होते."

"मी त्याला खोटारडा म्हणाले."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय. गप्प बसले."

ती उठली आणि हात न धुता दुसऱ्या खोलीत गेली. कंपनीला तिने त्याच वेळी लिहिलं. उत्तर गोड आलं. नोंद घेतली आहे, परंतु त्या जागेवर दुसरा माणूस घेतला आहे, पुढे कधी जागा निघाली तर विचार करू. मुलगा म्हणाला, "हे म्हणजे आपल्या इथलं इन्शाल्ला. म्हणजे नाहीच."

सुनेने त्या माणसाला फोन लावला. पुष्कळ वेळ माफी मागत होती. शेवटी मी म्हटलं, "मला दे."

"बोला मावशी," तो म्हणाला.

मी आडवळण न घेता सगळं सांगितलं. मासे, कुकर, नळ.

"ताईंनी फोन केला त्या दिवशी तुम्ही होतात तिथे?"

"होते. समोरच."

"तेव्हा सांगितलं असतंत तर माझं काम राहिलं असतं."

"हो. राहिलं असतं."

"एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सून तीन दिवस माझ्याशी जेवणाखाणापुरतंच बोलली. बरोबर केलं. मुलगा मधे पडला, "अगं, तिचं वय बघ," म्हणाला, तर मीच त्याला गप्प केलं. बाटल्यांवर झाकणं लावताना माझे हात थरथरले नव्हते, मग वयाचं कारण कशाला?

सुनेने अहवालात खरं लिहिलं, चार नमुने घरी बिघडले. तिला साहेबांचं ऐकून घ्यावं लागलं. डबा घरी नेलाच का, म्हणून. उरलेल्या आठ बाटल्यांवर तिचं काम निघालं. त्या चार जागांचा बर्फ पुन्हा आणायला ती या हंगामात परत जाऊन आली. बोटीवर दुसराच माणूस होता, फिलिपिन्सचा.

रत्नागिरीचा तो आता फुजैरा बंदरात टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, आहे. काम त्याचं त्यानेच शोधलं, आमच्याकडून काही घेतलं नाही. सुनेने एकदा घरी जेवायला बोलावलं होतं. तो आला नाही.

सुनेची नोकरी आहे. मी याच घरात आहे, दोन्ही वेळचं रांधते. सून, मी आणि तो, तिघांत काम गेलं ते एकट्या त्याचं.