बुड वर, शेंडा खाली

रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की मी या वहीत चार ओळी लिहिते. आज पानभर लिहायचं आहे, माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल, पंचफुलाबाईंबद्दल.

शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. चाळीस वर्षं तीच त्यांच्या चुलीत.

यंदा इथे हिवरखेडच्या जुन्या गोदामात पऱ्हाटीपासून तेल काढायचं यंत्र आलं. बंद भट्टीत, हवा लागू न देता पऱ्हाटी तापवायची. निघालेला धूर थंड केला की काळं तेल गळतं. अकोल्याच्या डाळ मिलांच्या भट्ट्यांत ते जाळता येतं म्हणे. हे सगळं परवडतं की नाही, ते तपासायला अमरावतीहून प्रियदर्शनी नावाची इंजिनिअर आली. पऱ्हाटी गोळा करायला गावातल्या वीस बाया लागल्या, त्यांत आमच्या बाई.

पण दोन खेपा झाल्या आणि तेलात निम्मं पाणीच. असं तेल मिलवाले देतील त्याच्या दुप्पट भावात पडत होतं. तिसरी खेपही तशीच गेली तर ‘परवडत नाही’ असा अहवाल जाणार, यंत्र परत जाणार आणि बायांचं कामही. प्रियदर्शनीच्या ओल मोजायच्या सुईवाल्या यंत्रात पऱ्हाटी तर चांगली वाळलेली दिसत होती. तिला काही सुचेना.

अशात एका दुपारी मी बाईंचा डबा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी गंजीतून एक झाड ओढलं. शेंड्याची काडी कानाजवळ नेऊन मोडली, ती कट्ट वाजली. मग बुड गुडघ्यावर दाबलं. ते नुसतं वाकलं.

"सुई कुठं खुपसते तू, पोरी?"

प्रियदर्शनीने काड्या दाखवल्या.

"काडी दोन दिवसांत वायते. ओल बुडात रायते. अन् तुमी तर पऱ्हाटी आडवी झोपवून ठेवली."

मावशी, पुस्तकात असं कुठे नाही, असं ती जरा दुखावूनच म्हणाली.

"पुस्तकानं कदी चूल पेटवली काय?"

बाया हसल्या, मग तीही हसली. तिने सुई बुडात खुपसली. आकडा तिप्पट आला.

आमच्याकडे पऱ्हाटी कुंपणाला उलटी उभी करतात, बुड वर, शेंडा खाली. बुडाला ऊन लागतं, मुळांची माती झडते. प्रियदर्शनीने अहवालाला दहा दिवस मागून घेतले आणि सगळी गंजी तशी उभी करवली.

आज तिसरी खेप निघाली, ती पाहायला मीही गेले. पाणी पहिल्याच्या निम्म्यावर, तेल दाट. प्रियदर्शनीने हिशेब दोनदा करून पाहिला. मिलवाल्यांच्या भावात बसतं, पण पऱ्हाटी अशी वाळवली तरच, असं तिने लिहिलं. यंत्र राहणार.

तिने बाटली बाईंच्या हाती दिली. त्यांनी एक थेंब बोटांत चोळून हुंगला.

"हा तर माह्या चुलीचाच धूर हाय," त्या हळूच म्हणाल्या.

इतकी वर्षं जो आमच्या डोळ्यांत गेला, छपरातून उडून गेला, तो बाटलीत बसला होता. माझे हात आपोआप जोडले गेले. बाटलीला की बाईंना, सांगता येत नाही.

बाई मात्र उठल्या. सकाळी आलेली गाडीभर पऱ्हाटी कुणीतरी पुन्हा आडवीच रचली होती.